टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडल्यावर आवाज ओठांच्या मागे पडतो: माझा अनुभव

रात्री बाबा शेजारच्या खोलीत झोपतात, म्हणून सिनेमासाठी ब्लूटूथ हेडफोन घेतला. ओठ हलून मिटायचे आणि मग शब्द ऐकू यायचा. मोबाइलवर मात्र तोच हेडफोन व्यवस्थित, कारण बरीच मोबाइल ॲप हा उशीर ओळखून चित्रही तेवढंच थांबवतात.

पेअरिंग नव्याने केलं, टीव्ही अपडेट केला. सेटिंगमधला ऑडिओ डिले तर शून्यावरच होता. तो वाढवला की आवाज आणखी मागे जातो. तीन आठवडे अक्षरशः वैताग आला.

शेवटी वायरच्या हेडफोनवर आले. माझ्या टीव्हीला ३.५ मिमीचा जॅक नाही, पण ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या केबलने डिजिटल आवाज बाहेर देणारं सॉकेट) आहे. म्हणून ऑप्टिकलमधून हेडफोनला आवाज देणारा छोटा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करणारी डबी) आणला. आवाज कमी-जास्त करायची चकती असलेलाच घ्या, कारण ऑप्टिकलवर बहुतेक वेळा रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही.

टीव्ही बंद करून ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांची प्लास्टिकची बारीक टोपणं काढली. टोक खट् आवाज येईपर्यंत दाबलं. डॅकला यूएसबीने वीज दिली. टीव्ही सुरू करून साउंड आउटपुट ‘ऑप्टिकल’ केलं. तरी शांतता! मग डिजिटल ऑडिओ फॉरमॅट ‘ऑटो’वरून ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) केला आणि आवाज आला. ‘ऑटो’वर टीव्ही डॉल्बीचा, म्हणजे दाबून पाठवलेला, सिग्नल देऊ शकतो आणि साधा डॅक तो उलगडू शकत नाही. चकती अगदी कमी ठेवूनच हेडफोन कानाला लावा.

माझा वायरचा हेडफोन कान पूर्ण झाकणारा आहे. सोबत तीन मीटरची वायर.