लंगकावीच्या बंदरात शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड मांडताना

मलेशियाच्या वायव्य टोकाला, थायलंडच्या सीमेलगत असलेले लंगकावी हे बेट शिडाच्या बोटीवर राहणाऱ्यांच्या पसंतीचे आहे. १९८७ पासून ते करमुक्त आहे, बोटीचे सुटे भाग आणि दुरुस्तीचे कारागीर तेथे मिळतात, आणि भोवतालच्या बेटांमुळे नांगर टाकायला आडोशाच्या जागा पुष्कळ आहेत. तेथे पोहोचून पहिल्यांदाच काही महिने बोटीवर राहू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती लिहीत आहे. बंदरात बांधलेली बोट उभी दिसली, तरी तिचे पाणी, वीज, दोर आणि तळ यांकडे रोज लक्ष द्यावेच लागते. ते रोजच्या सवयीत बसवणे, हीच पहिल्या महिन्याची खरी कामगिरी समजावी.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. मलेशियाच्या हद्दीत शिरताना डोलकाठीच्या उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवावा आणि सोपस्कार पूर्ण होईपर्यंत कप्तानाखेरीज कोणी किनाऱ्यावर उतरू नये. लंगकावीवरील क्वाह किंवा तेलागा या बंदरात इमिग्रेशन, कस्टम्स आणि हार्बर मास्टर या तिन्ही ठिकाणी हजेरी लावल्यावर पिवळा झेंडा उतरवून त्याच जागी मलेशियाचा झेंडा चढवतात. पासपोर्ट, बोटीचे नोंदणीपत्र, मागच्या बंदराचा निघण्याचा दाखला आणि बोटीवरील माणसांची यादी या सर्वांच्या चार-पाच प्रती जवळ असाव्यात. माणसांचा व्हिसा आणि बोटीला मिळालेली परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांच्या मुदतीही वेगळ्या असू शकतात. दोन्ही तारखा चार्ट टेबलासमोर, म्हणजे नकाशे पाहायच्या टेबलासमोर, ठळक लिहून लावाव्यात. भारतीय पासपोर्टसाठीचे व्हिसाचे नियम अलीकडच्या काळात बदलत आले आहेत, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात ते सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत. लंगकावी केडा राज्यात मोडते आणि तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, हे नव्याने आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. सरकारी कचेरीत जाताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. मुस्लिमबहुल समाजात तो साधा शिष्टाचार आहे.

राहायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. तेलागा, रेबाक आणि क्वाहचा रॉयल लंगकावी यॉट क्लब ही मरिनाची, म्हणजे पैसे भरून बोट धक्क्याला बांधून ठेवायची, ठिकाणे आहेत. रेबाक हे वेगळे बेट असल्यामुळे तेथून बाजाराला जायचे तर बोटीनेच जावे लागते. पैसे वाचवायला पहिल्या दिवसापासून नांगरावर राहणे अनेकांना शहाणपणाचे वाटते. माझे मत वेगळे आहे. पहिले दोन-तीन आठवडे मरिनात काढावेत, म्हणजे लांबच्या प्रवासात मोडलेले दुरुस्त होते, कपडे आणि गाद्या धुऊन निघतात आणि बाजार, दवाखाना, गॅस, डिझेल कोठे मिळते ते पायी फिरून कळते. त्यानंतर नांगरावर जावे.

नांगर टाकताना भरतीचा हिशेब चुकवू नये. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीत अडीच-तीन मीटरांचा फरक पडतो. ओहोटीला सहा मीटर पाणी असेल, तर भरतीचे तीन आणि पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतचा एक मीटर धरून दहा मीटर होतात. पाचपट साखळी सोडायची म्हटली तर पन्नास मीटर लागते. साखळी सोडल्यावर इंजिन मागे चालवून नांगर रुतल्याची खात्री करावी आणि किनाऱ्यावरील दोन ठळक खुणा एका रेषेत धरून त्या हलत नाहीत ना, हे अर्धा तास पाहावे. मरिनात दोर बांधताना तरंगता धक्का आहे की स्थिर, हे आधी पाहावे. धक्का स्थिर असेल तर भरती-ओहोटीला पुरेल इतकी ढील दोरांना द्यावी लागते.

पाण्याचा खर्च मोजायची सवय सर्वांत आधी लावावी. टाकीत तीनशे लिटर पाणी असेल आणि दोन माणसे मिळून रोज वीस लिटर वापरत असतील, तर ते पंधरा दिवस पुरते. घरच्यासारखा नळ सोडला तर तीन दिवसांत टाकी कोरडी पडते. विजेच्या पंपापेक्षा पायपंपाने पाणी कमी जाते. पावसाळ्यात ताडपत्रीला मधोमध झोळ देऊन पावसाचे पाणी धरता येते, मात्र पहिली पाच-दहा मिनिटे पक्ष्यांची घाण आणि मीठ वाहून जाऊ द्यावे. समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र बंदराच्या तेलकट पाण्यात चालवू नये आणि त्याचा पडदा नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने धुऊ नये, कारण क्लोरिनमुळे तो खराब होतो.

विजेबाबत थोडक्यात: धक्क्यावरच्या विजेची जोडणी घेताना फेज आणि न्यूट्रल उलट नाहीत ना हे तपासावे, केबल पाण्यात लोंबू देऊ नये, आणि शेजारच्या बोटींच्या गळक्या विद्युतप्रवाहामुळे तळाच्या धातूची झीज स्वतःवर घेण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे लवकर झिजतात म्हणून ते महिन्यातून एकदा पाहावेत.

स्वयंपाकघरात कुकरला पर्याय नाही. गॅस वाचतो, पाणी वाचते आणि शेजारून जाणाऱ्या फेरीच्या लाटेने बोट हेलकावली तरी घट्ट झाकणामुळे आमटी सांडत नाही. मलेशियात तमिळ समाज मोठा असल्यामुळे डाळी, मसाले, कणीक मिळवायला फारसे हिंडावे लागत नाही; गोडा मसाला मात्र घरून आणावा आणि लहान हवाबंद बरण्यांत भरावा, कारण मोठी बरणी रोज उघडली की तो दमट होतो. खोक्यांचा पुठ्ठा कधीही बोटीवर चढवू नये. झुरळांची अंडी त्याच्या नळ्यांत लपलेली असतात, म्हणून सामान धक्क्यावरच सुटे करावे आणि भाज्या धुऊन पुसून आत घ्याव्यात. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला की बोटीच्या तळाशी साठतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे दर वेळी शेगडीबरोबर सिलिंडरही बंद करावा. परदेशात सिलिंडरचे तोंड वेगळे असते, तेव्हा योग्य रेग्युलेटर तेथेच विकत घ्यावा आणि जोडावर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का ते पाहावे.

दमटपणाशी मात्र कायमचाच झगडा असतो. कोकणातल्या पावसाळ्याची सवय असलेल्यालाही येथे नवल वाटावे इतकी बुरशी धरते: चामड्याच्या चपलेवर, पुस्तकांच्या शिवणीत, गादीच्या खालच्या बाजूवर. गादीखाली जाळीची फळी किंवा पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवावी, कोरड्या दिवशी सगळी कपाटे आणि तळफळ्या उघडाव्यात आणि भिंती व्हिनेगरच्या पाण्याने पुसाव्यात. नांगरावरची बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, त्यामुळे पुढच्या हॅचवर, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या खिडकीवर, कापडी वारेपकड बांधली की आतून वारा वाहतो. मरिनात बोट बांधलेल्या दिशेलाच अडकते, म्हणून तेथे उकाडा आणि डास दोन्ही जास्त.

नोव्हेंबर ते मार्च हा येथला सुखाचा काळ. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटेच्या सुमारास ‘सुमात्रा’ नावाची वादळी सर येते आणि काही मिनिटांत वाऱ्याचा जोर कित्येक पटींनी वाढतो. अंधार पडण्यापूर्वी डेकवरची सुटी वस्तू आत घ्यावी, छत आवळावे, आणि डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, पाण्यात न सोडता वर उचलून कुलूप लावावे, म्हणजे चोरी आणि वादळ दोन्हींपासून ती सांभाळली जाते. या पट्ट्यात विजा फार पडतात. गडगडाट जवळ आला की रेडिओ आणि चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारे यंत्र) यांच्या तारा काढाव्यात आणि हातातला जीपीएस व जादा फोन धातूच्या डब्यात ठेवावेत.

शेजाऱ्यांशी ओळख लवकर करावी. दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता पाय ठेवू नये. बाजूला थांबून हाक मारावी, बोलावले की चपला काढून चढावे. कोणता मेकॅनिक वेळेवर येतो आणि कोणत्या नांगरतळावर वाऱ्यात नांगर सुटतो, हे वर्षभर तेथे राहिलेला माणूस दोन वाक्यांत सांगतो. त्याच्या मोबदल्यात त्याचा दोर धरायला आपणहून जावे.

गणपतीला गावी यायचे ठरवाल तेव्हा तेथे ऐन पावसाळा असतो. बोट नांगरावर सोडून येऊ नये; मरिनात ठेवून बोटीच्या परवानगीची मुदत परतीच्या तारखेपुढे आहे याची कस्टम्सकडे खात्री करावी. शिडे उतरवून कोरडी घडी करावी, तळाच्या पाण्याच्या सर्व झडपा बंद कराव्यात, पण कॉकपिटचे, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीचे, पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या ठेवाव्यात. तळाशी साठलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची बॅटरी चार्ज होत राहील असे पाहावे. दोर जेथे घासतात तेथे जुन्या नळीचे तुकडे चढवावेत. किल्ली आणि आपला फोन नंबर विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावा, आणि कोणती झडप कोठे आहे हे त्याला बोटीवर नेऊन प्रत्यक्ष दाखवावे.