आयट्यून्स काढताय? मग या चुका टाळा

मागच्या रविवारी सदाशिव पेठेत काकांकडे गेलो तर म्हणाले, अरे हा कॉम्प्युटर चालू करून मी खाली जाऊन दूध घेऊन येतो तरी याचं गोल गोल फिरणं चालूच. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, स्टार्टअपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत बघतो तर आयट्यून्स (ॲपलचा गाणी आणि आयफोन-आयपॉड सांभाळणारा प्रोग्राम) याचा हेल्पर ठाण मांडून बसलेला. घरात आयफोन कुणाकडेच नाही, आयपॉड होता तो कधीच माळ्यावर गेला.

बरं, काकांनी आधी स्वतः हात मारलेला. प्रोग्राम फाइल्समधला आयट्यून्सचा फोल्डरच डिलीट! असं करू नका हो, फोल्डर जातो पण सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम) आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या वहीतल्या नोंदी राहतात आणि मग अनइन्स्टॉल करताना एरर येतो. शेवटी तेच आयट्यून्स परत टाकलं आणि मग रीतसर काढलं. काढायचं म्हणून आधी टाकायचं, घ्या!

आणि नुसतं आयट्यून्स काढून भागत नाही, त्याचं अख्खं बिऱ्हाड असतं. ॲपलने सांगितलेला क्रम असा: आधी आयट्यून्स, मग ॲपल सॉफ्टवेअर अपडेट, मोबाइल डिव्हाइस सपोर्ट, बॉन्जूर, शेवटी ॲप्लिकेशन सपोर्ट ३२-बिट आणि ६४-बिट. क्रम सोडला की काहीतरी अर्धवट राहतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलं असेल तर ही भानगड नाही, राइट क्लिक करून अनइन्स्टॉल.

बॉन्जूर बघून काका म्हणाले, "हा फ्रेंच व्हायरस का रे?" व्हायरस नाही, नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी सर्व्हिस आहे, आणि काही वायफाय प्रिंटर तिच्याच भरवशावर असतात. कोथरूडला माझ्या घरी मी बॉन्जूर बिनधास्त उडवला आणि लेकीच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री लिस्टमधून प्रिंटरच गायब, रात्री साडेदहाला कुठलं झेरॉक्सचं दुकान उघडं असणार! आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा प्रिंटरचा पत्ता) टाकून प्रिंटर परत जोडला तेव्हा कुठे घरात बोलणी थांबली. म्हणून आता आधी विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन बॉन्जूर नुसतं डिसेबल करतो, दोनतीन दिवस प्रिंट वगैरे काढून बघतो, मगच अनइन्स्टॉल.

गाणी जात नाहीत, ती म्युझिक फोल्डरमध्येच राहतात. पण साफसफाईच्या नादात ॲपडेटामधला (प्रोग्राम आपली माहिती ठेवतात तो फोल्डर) मोबाइलसिंक फोल्डर उडवलात तर आयफोनचे जुने बॅकअप गेले, तेवढं सांभाळा. हे सगळं काकांना सांगितलं, तरी कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं एकेक लावून बघेपर्यंत मला खुर्चीवरून उठू दिलं नाही.