गाडी कोणती, हे आधी चेसिसला विचारा

जुन्या मोटरसायकलींच्या कामाला लागलो, त्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. नवीन शिकायला येणाऱ्यांना मी आजही आधी तीच सांगतो. एका गाडीच्या क्लच प्लेट मागवायच्या होत्या. टाकीवर मॉडेलचं नाव होतं, कागदावर साल होतं. दोन्ही लिहून ऑर्डर दिली. प्लेटा आल्या, पण बसेनात. गाडी उघडी पडलेली आणि मालक रोज विचारतोय. शेवटी वस्तादांनी मला खाली बसवून इंजिन नंबर वाचायला लावला. आधीच्या कुणीतरी त्यात वेगळ्याच सालचं इंजिन चढवलं होतं.

टाकी, साइड पॅनेल, स्टिकर, मीटर हे सगळं तासाभरात बदलता येतं. म्हणून सुरुवात करायची ती चेसिस नंबरापासून. हँडल पूर्ण एका बाजूला वळवा. पुढचा फोर्क ज्या नळीत फिरतो, त्या नळीवर बहुतेक गाड्यांचा नंबर ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, बऱ्याचदा तेल-मातीच्या थराखाली. तो थर रॉकेल आणि मऊ ब्रशने काढा. पॉलिश पेपर मुळीच घासू नका. अक्षरं झिजतात आणि पुढे नंबर खोडल्याचा संशय येतो. टॉर्च समोरून न धरता आडवा धरला की सावलीत अक्षरं उठून दिसतात. तरीही वाचता आलं नाही, तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा.

१९८१ नंतरच्या बऱ्याच गाड्यांवर सतरा अक्षरी चेसिस नंबर मिळतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसलं की शून्यच समजायचं. घोळ होतो तो आठ आणि बी, पाच आणि एस यांत. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीत दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं, पण ही अक्षरं तीस वर्षांनी पुन्हा येतात: एफ म्हणजे १९८५ आणि २०१५ सुद्धा. इतर बाजारांच्या गाड्यांत दहाव्या जागेवर वर्ष असेलच असं धरून चालू नका. १९८१ च्या आधीच्या गाड्यांचे नंबर आखूड असतात; तिथे कंपनीच्या पार्ट्स बुकातली नंबरांची यादीच कामाला येते.

नाव तेच राहून गाडी किती बदलते, याचं मला पटलेलं उदाहरण म्हणजे होंडाची सीबीआर१०००आरआर. २००७ पर्यंतची एससी५७, २००८ पासूनची एससी५९. पहिलीचा सायलेन्सर सीटखाली, दुसरीचा खाली इंजिनाजवळ. इंजिनही नव्याने बनवलेलं. एससी५७ किंवा एससी५९ हा कोड चेसिस नंबरातच असतो. 'दोन हजार सातची' असं मालक सांगतो, तेव्हा तो बहुधा नोंदणीचं साल सांगत असतो. बनल्याचं साल, मॉडेल वर्ष आणि नोंदणी ही तीन वेगळी सालं आहेत. कधीकधी तिन्ही जुळतात, पण ते गृहीत धरायचं नाही.

कधी नुसत्या नंबरावर गाडीची किंमत ठरते. १९६९ च्या होंडा सीबी७५० च्या पहिल्या ७,४१४ गाड्यांचे क्रँककेस 'सँडकास्ट', म्हणजे वाळूच्या साच्यातले, म्हणून ओळखले जातात, पण खरं तर ते धातूच्या साच्यात ओतलेले होते; नाव पडलं ते खरखरीतपणामुळे. संग्राहक तो खरखरीत पृष्ठभाग बोटाने चाचपतात आणि मग नंबर ताडून पाहतात. मला हे काम आवडतं ते यामुळेच.

वहीत चेसिस, इंजिन आणि कागदपत्रं अशा तीन ओळी वेगळ्या लिहा. क्लच, पिस्टन, गॅस्केट मागवताना इंजिनाची ओळ बघा; फोर्क, चाकं, ब्रेक यांसाठी चेसिसची, आणि तिथेही जुना भाग काढून शेजारी ठेवून मापं जुळवा, कारण पुढचा फोर्कसुद्धा दुसऱ्या गाडीचा असू शकतो.

नंबराभोवती कानशीचे ओरखडे दिसले, अक्षरांची उंची कमीजास्त वाटली किंवा नंबर कागदाशी जुळला नाही, तर एकही नट न सोडता गाडी बाजूला उभी करा आणि मालकाकडे मूळ कागद मागा.