आपल्या शॉपिंग सेंटरचा इतिहास गाळ्यागाळ्याने कसा लिहावा

गोरेगाव पश्चिमेला, स्टेशनजवळच्या एका शॉपिंग सेंटरमध्ये आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, पिको. इथल्या गाळेधारकांच्या प्रिमायसेस सोसायटीची सचिवही मीच. पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालं तसं 'इमारत पडायच्या आत तिचं काहीतरी लिहून ठेवा' हे काम माझ्याच गळ्यात पडलं. उपनगरात अशी सेंटरं गल्लोगल्ली आहेत आणि बरीचशी पाडकामाच्या वाटेवर आहेत, म्हणून ही पद्धत सांगते.

सुरुवात वर्षापासून करू नका. उद्घाटन कधी झालं यावर दोन दुकानदारांचं एकमत होत नाही आणि सगळी शक्ती त्या वादातच जाते. आधी प्रत्येक मजल्याचा नकाशा काढा, गाळ्यांना नंबर द्या आणि एका गाळ्याला वहीचं एक पान द्या. पानावर एकच प्रश्न: इथे आज कोण बसतं, त्याच्या आधी कोण बसायचं, त्याच्याही आधी कोण? आमच्या समोरच्या गाळ्यात आधी कॅसेटवाला, मग एसटीडी-पीसीओ, मग झेरॉक्स आणि आता मोबाइलची कव्हरं. वरच्या मजल्यावरच्या टायपिंग क्लासचा कॉम्प्युटर क्लास झाला. अशी पानं भरली की सेंटरचा इतिहास आपोआप उभा राहतो. जिन्याखालचा घड्याळवाला विसरू नका. त्याला गाळा नंबर नसतो, पण सगळ्यांत जुना बहुधा तोच असतो.

जमिनीची गोष्ट शोधायला कचेरीत धावण्याआधी कुणाचं तरी मूळ ॲग्रीमेंट मागा. पहिली चार-पाच पानं 'व्हेअरॲज' (ज्याअर्थी) ने सुरू होणाऱ्या परिच्छेदांनी भरलेली असतात आणि लोक तीच उलटून पुढे जातात. जमीन कुणाची होती, कोणत्या तारखेच्या खरेदीखताने बिल्डरकडे आली, नकाशे कधी मंजूर झाले, हे सगळं तिथेच असतं. मग प्रॉपर्टी कार्ड काढा. ते महाभूमीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतं, फक्त सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक) आणि महसुली गावाचं नाव हवं. पाटीवर नुसतं गोरेगाव असलं तरी आमच्या कार्डावर गाव 'पहाडी गोरेगाव' आणि तालुका बोरिवली. कार्डावरच्या नोंदींत 'धा', 'प', 'भा' अशी अक्षरं दिसतील: धारक, पट्टेदार, भार. सगळ्यांत वरची जुनी नोंद पाहून ठेवा. गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं १९५७ मध्ये, तेव्हा त्याआधीच्या नोंदीवर शेतजमीन दिसली तर दचकू नका. धारक म्हणून अजून मूळ मालकाचंच नाव असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून घेणं, बहुधा झालेलं नाही किंवा त्याची नोंद कार्डावर चढलेली नाही. इतिहास राहू दे, आधी ते काम मार्गी लावा.

इमारतीची खरी जन्मतारीख सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) आणि ओसी (इमारत वापरायचा दाखला) यांच्यावर असते. सोसायटीच्या कपाटात ती नसेल तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. सोसायटीचा नोंदणी क्रमांकही वाचायला शिका. मुंबईतल्या बऱ्याच जुन्या सोसायट्यांचा क्रमांक 'बीओएम'ने सुरू होतो आणि शेवटी नोंदणीचं वर्ष असतं. शहराचं अधिकृत इंग्रजी नाव १९९५ ला बदलल्यावर तिथे 'एमयूएम' आलं.

पण या कागदांत मालक सापडतो, दुकानदार नाही. गाळा एकाच्या नावावर, पागडी दुसऱ्याने दिलेली आणि गल्ल्यावर तिसराच, हा आपल्याकडचा जुना रिवाज. दुकानदार सापडतो तो बिलांवर, पिशव्यांवर आणि भिंतीवर.

जुनी बिलबुकं, कापडी पिशव्या, लग्नाच्या बस्त्याच्या याद्या, जे मिळेल ते गोळा करा आणि आकडे वाचा. फोन नंबर सात आकडी असेल तर छपाई २००२ च्या आधीची, कारण त्या वर्षी मुंबईच्या नंबरांपुढे २ लागला. ४०० ०६२ असा पिनकोड असेल तर छपाई १९७२ नंतरची हे नक्की. पण नुसतं 'मुंबई-६२' दिसलं म्हणून ती १९७२ च्या आधीची ठरवू नका, लोक अजून तसंच लिहितात. बिलावर बीएसटी (बॉम्बे सेल्स टॅक्स) नंबर असेल तर काळ व्हॅटच्या, म्हणजे एप्रिल २००५ च्या आधीचा. २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर असेल तर जुलै २०१७ नंतरचा. एका पुराव्यावर मात्र तारीख ठोकून देऊ नका. आपला दुकानदार छापलेलं बिलबुक संपवल्याशिवाय नवं छापत नाही.

देव्हाऱ्याशेजारी फ्रेममध्ये लावलेला गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना बघा. जुना परवाना १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालचा, त्यावर दुकान सुरू झाल्याची तारीख मिळते. २०१७ च्या नव्या कायद्यानंतर मोजक्या कामगारांच्या छोट्या दुकानाला नुसती सूचना द्यावी लागते, त्यामुळे हा कागद आता दुर्मिळ होत जाणार. आणि कुणी बोर्ड बदलत असेल तर मोबाइल घेऊन उभ्या राहा. आमच्या शेजारच्यांनी फ्लेक्स उतरवला तेव्हा खाली पत्र्यावर ब्रशने रंगवलेला बोर्ड निघाला. लाल अक्षरं, पिवळी सावली, कोपऱ्यात पेंटरची सही. त्या सहीवरून आणखी तीन दुकानांचे बोर्ड त्याच हातचे असल्याचं कळलं, म्हणजे ती चारही साधारण एकाच काळात उघडली असणार.

आता माणसं. भवानी व्हायच्या आधी कुणाला काही विचारू नका आणि दिवाळीच्या महिन्यात तर नाहीच. दुपारी दोन ते चार, कटिंग मागवून बसा. 'किती साली?' असं विचारलं की काका अंदाजे काहीतरी ठोकून देतात. 'तुमचं दुकान उघडलं तेव्हा शेजारी कोण होतं?' असं विचारा. शेजारी सगळ्यांना आठवतो, भांडणासकट.

मॉलने धंदा खाल्ला हे सगळेच सांगतील. तसंच्या तसं उतरवून घेऊ नका. मालाडला इनऑर्बिट आला २००४ मध्ये. त्या वर्षानंतर कोणते गाळे बदलले ते तुमच्या वहीत बघा. आमच्याकडे रेडिमेड कपड्यांच्या दुकानांना फटका बसला हे खरं. पण कॅसेटवाल्याला मॉलने नाही, सीडी आणि मोबाइलने उठवलं. साडीला फॉल लावायला मॉलमध्ये कोण जातं? आमचं चालूच राहिलं.

वही भरली की छापण्याआधी प्रत्येक गाळेधारकाला त्याचं पान वाचून दाखवा. पागडीचे आकडे वगळा. घरातले हिस्से आणि कोर्टातले दावे यांनाही हात लावू नका. नाहीतर पुनर्विकासाची सभा तुमच्या वहीवरच अडकेल, आणि तिथे आधीच पार्किंगवरून काय कमी अडकलंय?