नदी ओलांडण्याचे कोडे सोडवताना या चुका टाळा

इंदूरला रामबागेतील आमच्या घराच्या ओसरीवर मे महिन्यात शेजारपाजारची मराठी मुले कोडी सोडवायला जमतात, आणि पहिल्या दिवशी मी त्यांना नेहमी एकच कोडे घालतो. एका माणसाला वाघ, शेळी आणि गवताचा भारा घेऊन नदीपार जायचे आहे. होडी तोच वल्हवतो आणि होडीत त्याच्याबरोबर या तिघांपैकी एकालाच जागा आहे. तो जवळ नसला तर वाघ शेळीला खाईल आणि शेळी गवत खाईल. तिन्ही सुखरूप पलीकडे कसे न्यावेत? युरोपात हेच कोडे लांडगा, शेळी आणि कोबी यांचे आहे, इ.स. 804 मध्ये निवर्तलेल्या यॉर्कच्या अल्क्विन या विद्वानाच्या नावावर असलेल्या लॅटिन संग्रहात ते अठरावे आहे. इतके जुने आणि सर्वांच्या ओळखीचे असूनही हे कोडे सोडवताना मुलांच्या, आणि त्यांना न्यायला आलेल्या पालकांच्याही, चुका वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी होतात. त्या कोणत्या आणि तिथे अडकल्यावर काय करावे, ते पुढे सांगतो.

अटी न लिहिता सुरुवात करणे

आमच्याकडची मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात. कोडे एका भाषेतून दुसरीत जाताना त्याची एखादी अट हमखास सैल होते. ‘नाव में एक बार में दो ही जा सकते हैं’ हे वाक्य ऐकून कुणी माणसाला धरून दोन समजतो, तर कुणी माणूस सोडून दोन. माणसाशिवाय दोन मावत असतील, तर वाघ आणि गवत आधी नेऊन मागून शेळी नेली की तीन खेपांत काम होते आणि कोडेच उरत नाही. ‘फेरी’ हा शब्दही असाच घोटाळ्याचा आहे, कारण बोलण्यात फेरी म्हणजे बहुधा जाऊन परत येणे. त्यामुळे एकाच योग्य मार्गाला एक मुलगा 7 म्हणतो, दुसरा साडेतीन म्हणतो आणि दोघे उगाच भांडतात. मी ‘खेप’ हा शब्द वापरतो आणि एका काठावरून दुसऱ्या काठावर एकदा जाणे म्हणजे एक खेप, असे पहिल्यांदाच सांगून ठेवतो.

‘शेळीला झाडाला बांधून ठेवू’, ‘वाघ पोहत येईल’ अशी उत्तरे देणाऱ्या मुलांना गप्प करू नये, असे माझे ठाम मत आहे. कोड्यात जे स्पष्ट सांगितलेले नाही ते त्यांनी नेमके हेरलेले असते. त्यांच्याकडूनच ‘बांधायचे नाही, पोहायचे नाही’ अशी अट वहीत लिहून घ्यावी आणि मग पुढे जावे.

अलीकडे आणि पलीकडे यांची अदलाबदल

ही चूक मोठ्यांच्या लक्षात येत नाही, कारण तर्क बरोबर असताना उत्तर चुकते. मनाने होडीत बसलेले मूल पैलतीरी पोचले की त्याच्यासाठी तोच काठ ‘अलीकडचा’ होतो. मग ‘शेळी अलीकडे ठेवली’ या वाक्याचा अर्थ दर खेपेला बदलत राहतो आणि चौथ्या खेपेपर्यंत वहीत दोन शेळ्या तयार होतात. उपाय सोपा आहे: काठांना नावे द्यावीत. आम्ही एका काठाला महेश्वर आणि दुसऱ्याला नावडातोली म्हणतो. नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वरचा घाट आहे, आणि डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननामुळे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित झालेले नावडातोली समोरच्या दक्षिण तीरावर आहे. बहुतेक मुलांनी घाटावरून तो पैलतीर पाहिलेला असतो, त्यामुळे होडी कुठेही असली तरी महेश्वर महेश्वरच राहते. कागदावर मधोमध रेघ ओढून काडेपेटीची होडी, चिंचोक्याचा वाघ, शेंगदाण्याची शेळी आणि कोथिंबिरीच्या काडीचे गवत केले, तर लहान मुलांना लिहिण्याचीही गरज पडत नाही.

नेलेले परत आणायचे नाही, असे धरून चालणे

सर्वात मोठी चूक हीच. पहिली खेप मुले पटकन ओळखतात: वाघ नेला तर मागे शेळी गवत खाते, गवत नेले तर वाघ शेळीला खातो, म्हणून शेळीच न्यायला हवी. माणूस रिकामा परत येतो. आता वाघ नेला तर नावडातोलीला तो शेळीजवळ राहणार, गवत नेले तर ते शेळीजवळ राहणार. इथे मुले वही बाजूला सारतात आणि ‘हे सुटतच नाही’ म्हणतात. त्यांनी सगळे पर्याय तपासलेले नसतात. माणूस परत येताना रिकामाच येतो, ही कोड्यात कुठेही नसलेली अट त्यांनी नकळत स्वतःच घातलेली असते. एकदा पोचवलेली वस्तू मागे आणणे म्हणजे झालेले काम मोडणे, असे आपल्याला वाटते, आणि म्हणून तो मार्ग डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

तिसऱ्या खेपेला वाघ न्यावा आणि चौथ्या खेपेला शेळीला बरोबर घेऊन परत यावे. पाचव्या खेपेला शेळी महेश्वरला ठेवून गवत न्यावे, सहाव्या खेपेला रिकामे यावे आणि सातव्या खेपेला शेळी न्यावी. तिसऱ्या आणि पाचव्या खेपेतील वाघ आणि गवत यांची अदलाबदल केली तरी चालते, म्हणजे उत्तरे दोन आहेत. ‘माझे उत्तर पुस्तकातल्यासारखे नाही’ म्हणून बरोबर उत्तर खोडणारी मुले मी पाहिली आहेत. शिक्षकांनी आणि पालकांनी दोन्ही उत्तरे ठाऊक ठेवावीत.

सातपेक्षा कमी खेपा का चालत नाहीत, हेही मुलांना सांगावे, कारण ते समजले की परत आणण्याची गरज आपोआप पटते. होडी शेवटी पैलतीरी असणार, म्हणून खेपांची संख्या विषमच येते. तीन वस्तू न्यायला जाण्याच्या निदान तीन खेपा आणि त्यांच्यामध्ये येण्याच्या दोन, म्हणजे निदान पाच खेपा हव्यात. पाचांतच भागवायचे तर येताना काहीही आणता येणार नाही. पण शेळी पहिल्यांदा गेलेली असल्याने दुसरी वस्तू पोचवून माणूस रिकामा वळला की पैलतीरी अनर्थ होणारच. म्हणून पाच अशक्य, आणि त्यापुढची विषम संख्या सात.

होडी टेकण्याच्या क्षणाची तपासणी विसरणे

तीन साधू आणि तीन राक्षस, होडीत जास्तीत जास्त दोघे, आणि कुठल्याही काठावर साधूंपेक्षा राक्षस जास्त झाले तर ते साधूंना खातील, या कोड्यात परत आणण्याची तीच अडचण अधिक अवघड रूपात येते. त्याआधी तपासणीच्या दोन चुका दूर कराव्या लागतात. पहिली म्हणजे, काठावर एकही साधू नसेल तर तिथे राक्षस कितीही असले तरी हरकत नाही, हे विसरले जाते आणि सुरुवातीच्या योग्य चाली बाद केल्या जातात. दुसरी म्हणजे, होडी काठाला टेकताच तिच्यातील माणसे त्या काठावरच्यांत धरावी लागतात. ‘तो उतरणारच नाही, लगेच परत जाईल’ अशी सवलत स्वतःला देऊन मिळवलेले उत्तर खरे नसते.

महेश्वरला उरलेले साधू आणि राक्षस दर खेपेनंतर लिहीत गेले की मार्ग असा दिसतो. दोन राक्षस जातात, मागे 3 साधू आणि 1 राक्षस राहतात; एक राक्षस येतो, 3 आणि 2. पुन्हा दोन राक्षस जातात, 3 आणि 0. एक येतो, 3 आणि 1. आता दोन साधू जातात, 1 आणि 1. इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात, कारण फक्त साधू परत आला तर नावडातोलीला एका साधूसमोर दोन राक्षस उरतात, आणि फक्त राक्षस परत आला तर महेश्वरला एका साधूसमोर दोन राक्षस होतात. सहाव्या खेपेला एक साधू आणि एक राक्षस असे दोघेही परत आणावे लागतात. येताना होडीत एकच असावा, अशी अट कोड्याने घातलेली नाही. महेश्वरला 2 आणि 2 झाल्यावर दोन साधू जातात, एक राक्षस येतो, दोन राक्षस जातात, एक येतो आणि शेवटचे दोन जातात. एकूण 11 खेपा होतात. पहिल्या खेपेला राक्षस आणि साधू मिळून गेले आणि साधू परतला तरी चालते, तसेच दहाव्या खेपेला राक्षसाऐवजी साधू आला तरी चालते; म्हणून 11 खेपांचे चार मार्ग निघतात.

होडीत एक मोठा माणूस किंवा दोन मुलेच बसू शकतात, आणि दोन मोठे व दोन मुले यांना पार जायचे आहे, या कोड्यात मुलांना प्रवासी समजणे ही चूक असते. ती इथे होडी परत आणणारी आहेत. दोन मुले जातात, एक परत येते, मोठा जातो, पैलतीरी थांबलेले मूल परत येते. चार खेपांत एक मोठा पार होतो, आणि दोन मोठ्यांसाठी शेवटच्या खेपेसह 9 खेपा लागतात.

सर्वात चपळ माणसाला दर वेळी सोबत पाठवणे

पूल आणि कंदिलाच्या कोड्यात नदी तीच, होडी मात्र नाही. चौघांना पूल ओलांडायला अनुक्रमे 1, 2, 5 आणि 10 मिनिटे लागतात. रात्रीची वेळ, पुलावर एका वेळी दोघेच, कंदील एकच आणि त्याच्याशिवाय पूल ओलांडता येत नाही, आणि जोडीचा वेग सावकाश चालणाऱ्याचा. इथे जवळजवळ प्रत्येक जण एका मिनिटाच्या माणसाला सगळ्यांच्या सोबतीला देतो आणि उत्तर 19 मिनिटे काढतो. त्याऐवजी 1 आणि 2 आधी जातात, 1 परत येतो, 5 आणि 10 एकत्र जातात, आधीच पैलतीरी असलेला 2 परत येतो आणि शेवटी 1 आणि 2 जातात: 2, 1, 10, 2, 2 मिळून 17 मिनिटे. दोन संथ माणसांनी एकत्र जाण्यात पाच मिनिटे वाचतात, पण त्यासाठी दोन मिनिटांच्या माणसाला पोचल्यावर पुन्हा मागे पाठवावे लागते, आणि मन तिथेच कचरते.

याच्या उलट चूकही होते, आणि ती हुशार मुलांची असते. 17 चे उत्तर एकदा पाठ झाले की ते तीच युक्ती सर्वत्र लावतात. वेळा 1, 4, 5 आणि 10 केल्या, तर युक्तीने 23 मिनिटे लागतात आणि साध्या सोबतीच्या मार्गाने 21. दुसऱ्या क्रमांकाच्या चपळ माणसाच्या वेळेची दुप्पट एका बाजूला आणि पहिल्या व तिसऱ्या माणसांच्या वेळांची बेरीज दुसऱ्या बाजूला मांडून पाहावी. दुप्पट लहान असेल तरच संथ जोडी एकत्र पाठवावी. पहिल्या उदाहरणात 4 आणि 6, दुसऱ्यात 8 आणि 6.

‘सुटत नाही’ हे घाईने म्हणणे, किंवा ‘सुटते’ हे न तपासता म्हणणे

मध्येच अडकल्यावर त्याच जागी डोके आपटण्यापेक्षा शेवटाकडून मागे यावे. वाघ-शेळीच्या कोड्यात शेवटची खेप शेळीचीच असणार, कारण त्याआधी माणूस रिकामा परतताना वाघ आणि गवत हेच दोघे एकमेकांजवळ राहू शकतात. ते दोघे पैलतीरी आणि शेळी महेश्वरला, ही स्थिती एकदा कळली की शेळी परत आणण्याला पर्याय नाही, हेही कळते. पहिले उत्तर उलट क्रमाने वाचून काठांची नावे बदलली तर मिळते ते दुसरेच उत्तर, हे मुलांना स्वतः पडताळून पाहू द्यावे.

खात्री हवी असेल तर सर्व स्थिती लिहून काढाव्यात. माणूस, वाघ, शेळी आणि गवत प्रत्येकी दोनपैकी एका काठावर, म्हणजे 16 स्थिती. त्यांतील 6 धोक्याच्या आणि 10 सुरक्षित. त्या दहा कागदावर मांडून एका खेपेने जोडता येणाऱ्या स्थितींमध्ये रेघा ओढल्या की मध्ये दुभंगून पुन्हा एक होणारी वाट दिसते, आणि दोन्ही उत्तरे त्या एका चित्रात सापडतात.

अशी मांडणी न केल्याने मोठमोठे लोकही चुकले आहेत. जोडप्यांच्या कोड्यात, जिथे कोणतीही पत्नी आपला पती जवळ नसताना परपुरुषाबरोबर राहू शकत नाही आणि होडीत दोघेच मावतात, तीन जोडपी 11 खेपांत पार होतात. सोळाव्या शतकातील इटालियन गणितज्ञ तार्ताल्या याने चार जोडप्यांनाही तशाच होडीतून पार नेण्याचा मार्ग सांगितला. तो चुकीचा होता, आणि ते फ्रेंच गणितज्ञ बाशे याने दाखवून दिले. दोघांच्या होडीने चार जोडपी कितीही खेपा केल्या तरी पार होत नाहीत. होडीत तिघांना जागा केली, तर मात्र तीच चार जोडपी 9 खेपांत पैलतीरी पोचतात.