शाकाहारी आहात? मग ताटातल्या या चुका टाळा

"आम्ही अंडंसुद्धा खात नाही, मग शुगर कशी निघाली?" रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, इंदूरच्या मराठी घरांत रक्ताचा रिपोर्ट हातात आला की हा प्रश्न हमखास निघतो. मांस खात नाही म्हणजे आपला आहार चांगलाच, अशी एक समजूत या प्रश्नामागे असते. ती अर्धीच खरी आहे.

आधी खरा भाग. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या अभ्यासात सुमारे 48 हजार लोकांचा 18 वर्षांहून जास्त काळ मागोवा घेतला गेला. 2019 साली त्याचे निष्कर्ष आले. मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार 22 टक्क्यांनी कमी दिसला. त्याच अभ्यासात पक्षाघाताचं प्रमाण मात्र शाकाहाऱ्यांमध्ये 20 टक्क्यांनी जास्त निघालं. टक्के ऐकून घाबरायला होतं, म्हणून माणसांत मोजू: दर हजार लोकांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे 10 रुग्ण कमी, पक्षाघाताचे 3 जास्त. पुढच्याच वर्षी याच लोकांच्या हाडांचा हिशेब आला, आणि शाकाहाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी जास्त दिसला. असे अभ्यास फक्त संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तरी माझं मत स्पष्ट आहे: शाकाहाराचं पारडं जड आहे, पण मांसाच्या जागी ताटात काय आलं यावर ते अवलंबून आहे. त्या अभ्यासातले शाकाहारी कडधान्यं, सुकामेवा, फळं, भाज्या जास्त खाणारे होते. आपल्याकडे त्या जागी बहुतेक वेळा पोळी, भात, बटाटा आणि शेव येते.

डाळ आहे, पण किती?

आपल्या माळव्यातला एक साधा दिवस घ्या. सकाळी पोहे-जिलबी. दुपारी पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण. चारला चहा आणि वाटीभर शेव. रात्री पुन्हा पोळी-भाजी. पोट भरलं, चवही आली, पण दिवसभर मुख्यतः पिष्टच पोटात गेलं.

प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 60 किलो वजनाला 50 ग्रॅम. आता वरणाकडे या. घरात पाच माणसं आणि कुकरला 100 ग्रॅम तूरडाळ लावली, तर एकेकाच्या वाट्याला 20 ग्रॅम डाळ येते, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिनं. वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं असा हिशेब दिला आहे. आपल्याकडे धान्य त्याहून जास्त आणि डाळ त्याच्या पावपट असते. साखर वाढण्याचं कोडं बरंचसं इथेच सुटतं.

एकदा स्वयंपाकाला लागणारी कोरडी डाळ तराजूवर घालून बघा. त्या आकड्याला किती माणसं जेवतात त्याने भागा. उत्तर 40-50 ग्रॅमच्या खाली आलं, तर वरण घट्ट करा, एका वेळेला मटकी, मूग, चवळी किंवा हरभऱ्याची उसळ करा आणि त्या जेवणातली एक पोळी किंवा भाताचा एक वाढप कमी करा. ही वजाबाकी विसरू नका. नुसती भर घातली की वजन वाढतं. डाळ आणि भात एकाच घासात हवेत असंही नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीतून मिळतं. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे.

आणि सोयाबीन. सबंध माळवा ते पिकवतो, सोयाबीनवर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था 1987 पासून इंदुरात आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात मात्र ते फक्त तेलाच्या डब्यातून येतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पण ते कच्चं दळून पिठात घालणं ही मोठी चूक आहे. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो नीट उकळल्यावरच निकामी होतो. रात्रभर भिजवा, सकाळी 20-25 मिनिटं खळखळ उकळा, पाणी फेका, दाणे कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मग नऊ किलो गव्हाला एक किलो या हिशेबाने चक्कीवर द्या. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही.

लिंबाने कमावलं, चहाने घालवलं

पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत उत्तम आहे. वनस्पतींतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की शोषण वाढतं. पण त्याच बशीशेजारी चहाचा कप येतो आणि चहातले टॅनिन ते लोह अडवून धरतात. जेवणानंतरच्या चहाचंही तेच. चहा सोडा असं मी म्हणत नाही, फक्त खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर अंतर ठेवा. बायकांनी तर नक्कीच. भारतीय शिफारशीनुसार त्यांची लोहाची गरज दिवसाला 29 मिलिग्रॅम, पुरुषांची 19.

उसळीला मोड आणणं, पीठ आंबवणं, डाळ भिजवणं यानेही धान्य-डाळींतले लोह-जस्त अडवणारे फायटेट हे घटक कमी होतात आणि लोह-जस्त जास्त मिळतं. कॅल्शियमसाठी पालकावर फार भिस्त ठेवू नका. त्यातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे फारसं अंगी लागत नाही. नाचणी, तीळ, दही-दूध यांवर भर द्या.

बी-12: इथे घरगुती उपाय चालत नाही

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत. हिरवी भाजी कितीही खा, मोड आलेले मूग खा, त्यातून ते मिळणार नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असतं, ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप असतं. शाकाहाऱ्यांसाठी दूध, दही, ताक, पनीर हेच नैसर्गिक स्रोत. मोठ्या माणसाची गरज दिवसाला साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि पेलाभर दुधात एकाच्या आसपास. त्यातलंही थोडं दूध पुन्हा पुन्हा उकळताना जातं. चहात पडणारं दोन चमचे दूध या हिशेबात धरूच नका. पिशवीवर ‘फोर्टिफाइड’ लिहिलेल्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्वं घातलेली असतात, बी-12 नव्हे.

यकृतात बी-12 चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता हळूहळू, चाहूल न देता येते. पायाला मुंग्या, तळपायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. घरात साठीपुढचं कोणी असलं की ‘वय झालं’ म्हणून हे सोडून दिलं जातं. मधुमेह असेल तर मुंग्यांचं खापर शुगरवर फुटतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज रिकाम्या पोटी घेतलेली पँटोप्राझोलसारखी गोळी, दोन्ही बी-12 चं शोषण कमी करतात. शाकाहार आणि त्यावर या दोन गोळ्या असं त्रिकूट ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तपासणीला उशीर करू नये. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

तपासणीतही दोन चुका होतात. पहिली, आधी मल्टिव्हिटॅमिन सुरू करायचं आणि मग रक्त द्यायचं. आकडा बरा येतो, दुखणं झाकलं जातं. रक्त आधी, गोळी नंतर. दुसरी, हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निश्चिंत होणं. भाज्या-डाळींतून फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड याच गटातलं जीवनसत्त्व) भरपूर मिळत असेल तर रक्त चांगलं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. लोह आणि बी-12 दोन्ही कमी असतील तर तांबड्या पेशींचा सरासरी आकारही फसवतो: एक कमतरता पेशी लहान करते, दुसरी मोठी, सरासरी बरोबर मध्ये येते. म्हणून बी-12 आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) वेगवेगळे तपासून घ्या.

गरोदर मुली आणि सुनांच्या बाबतीत तर हे टाळूच नका. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं, की आईचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल तर मूल सहा वर्षांचं झाल्यावर त्याच्या शरीरात इन्सुलिनला विरोध जास्त आढळतो. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायचीच, ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी आवश्यक आहे. सोबत बी-12 चं काय, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

उपवास, सैंधव आणि शेव

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडीला तारतं ते दाण्याचं कूट. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार असे लागोपाठचे उपवास करणाऱ्यांनी राजगिरा, इथे मोरधन म्हणतात ती भगर, दही आणि दाणे यांवर दिवस काढावा. मधुमेह असेल आणि गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

सैंधव उपवासापुरतं ठीक. अलीकडे आरोग्यदायी म्हणून ते रोजच्या आमटीत आलं आहे, आणि बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, तेही माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. वरून जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला) आणि शेव आली की ही मर्यादा सहज ओलांडते. पक्षाघाताचा आकडा वर दिलाच आहे. पक्षाघाताचं एक सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो वाढवण्यात मिठाचा मोठा वाटा. शेव शाकाहारी असली तरी तळणातलं तेल आणि मीठ शरीराला तितकंच लागू पडतं.

दूधही सोडायचं ठरवलं असेल तर

प्राण्यांबद्दलच्या कळवळ्याने तरुण मुलं दूध सोडतात, त्या भावनेचा मी आदर करते. पण मग बी-12 ची गोळी आयुष्यभर, नेमाने. त्याला पर्याय नाही. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि कॅल्शियम घातलेलं सोयादूध, ओमेगा-3 साठी जवसाची चटणी आणि अक्रोड. जवस नेहमी कुटून खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. घरातल्यांनी ओरडून उपयोग नाही. त्याऐवजी तपासणी करून आणा, आणि बी-12 कमी निघालं तर उपचार सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या. मुंग्या किंवा तोल जाणं सुरू झालं असेल तर गोळी की इंजेक्शन हे न्यूरॉलॉजिस्टलाच ठरवू द्या, आणि त्यासाठी पुढच्या महिन्याची वाट पाहू नका.