निरामयाचा क्लेम परत आला होता, मग असा पास झाला
पोराला सेरेब्रल पाल्सी आहे, नॅशनल ट्रस्ट म्हणजे दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिच्या निरामया आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि त्यात थेरपीपण बसते, म्हणून फिजिओ अन् स्पीचच्या सगळ्या पावत्या जमवून पाठवल्या तर क्लेम परत! पावत्यांवर नुसतं "थेरपी" अन् खाली रक्कम, तारीखच नाही, आता कोण मानणार बाप्पा. मग डॉक्टरांकडून कोणती थेरपी, आठवड्यात किती वेळा हे लिहून घेतलं, थेरपिस्ट ताईंनी तारीखवार नवी पावती दिली, सही-शिक्का अन् रजिस्ट्रेशन नंबर टाकून. सीताबर्डीवर उन्हात झेरॉक्स काढल्या, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची पण लावली अन् पाठवलं. पैसे खात्यात आले, पूर्ण नाही, थेरपीला वेगळी लिमिट असते. रिन्युअल मात्र मार्च संपायच्या आधीच करा.